सुईच्या अग्राएवढा ऐवज

सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी पांडवांस देण्याचे दुर्योधनाने नाकारले, ही कथा आपल्या परिचयाची आहे. परंतु सुईच्या पोकळीत मावणाऱ्या ऐवजावरून अर्बुदाचा निवाडा करता येतो, हे न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेज मार्टिन व एडवर्ड एलिस यांनी १९३० साली निबंधरूपाने मांडले, तरी पुढे कित्येक वर्षे या पद्धतीचा आदर अमेरिकेपेक्षा स्वीडनमध्येच अधिक झाला. त्यांची सामग्री किती साधी! अठरा गेजची सुई, पिचकारी आणि काचपट्टी. दट्ट्या मागे ओढला की निर्वातामुळे पेशी सुईत खेचल्या जात. ‘तुकडा तपासायला पाठवला’ असे आपण सर्रास म्हणतो. येथे तुकडा कसला, थेंबच तो.

मानेतली गाठ बोटांस लागते. फुप्फुसातली मात्र बरगड्यांच्या कोटाआड, प्रत्येक श्वासागणिक वरखाली होत असते. क्लीव्हलँडच्या जॉन हागा व राल्फ अल्फिडी यांनी १९७६ साली सीटी स्कॅनच्या साहाय्याने सुईला नेमकी वाट दाखविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि त्या कोटाचा नकाशाच जणू हाती आला. रुग्णास श्वास रोखण्यास सांगून सुई बरगडीच्या वरच्या कडेवरून आत नेतात, कारण खालच्या कडेस रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात.

हे सारे निर्वेध घडतेच असे नाही. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, मिशिगन व न्यूयॉर्क या राज्यांत २००६ साली फुप्फुसातील गाठीत अशी सुई घातलेल्या १५,८६५ रुग्णांचे दफ्तर तपासले असता, शंभरांपैकी सुमारे पंधरांच्या छातीत हवा साठल्याचे आणि सहा-सात जणांस ती काढण्यासाठी नळी घालावी लागल्याचे आढळले.

त्याहून सूक्ष्म अडचण निकालाची आहे. काचपट्टीवर कर्करोगाच्या पेशी दिसल्या, तर साक्ष बहुधा पक्की. त्या न दिसल्या, तर मात्र गाठ निर्दोष ठरत नाही, कारण सुई बाजूच्या निरोगी भागातूनही परतली असेल. शिवाय प्रत्येक गाठ कर्करोगाचीच असते असेही नाही. अमेरिकेतील ओहायो-मिसिसिपीच्या खोऱ्यांत पक्षी व वटवाघळे यांच्या विष्ठेने माखलेल्या मातीतील बुरशी श्वासावाटे शिरून फुप्फुसात अशाच गाठी ठेवून जाते, जशा आपल्याकडे क्षयाच्या असतात. म्हणून सुईने बुरशीसारखे निश्चित कारण हाती दिले तर वैद्य निर्धास्त होतो. नुसते ‘काही आढळले नाही’ एवढेच कळविले, तर गाठीचा आकार पाहून तो पुन्हा सुई घालतो, अथवा काही महिन्यांनी दुसऱ्या स्कॅनची तारीख देतो.