शरीक : बीदरकडच्या एका छोट्या दवाखान्याची भेट

बीदरला येणारे आपल्यासारखे हौशी लोक किल्ला बघतात, महमूद गवानचा मदरसा बघतात, अष्टूरच्या घुमटांचे फोटो काढतात आणि संध्याकाळी परत फिरतात. दवाखाना बघायला कोणी जात नाही. मीही गेलो नसतो. पण आमच्या भटकंतीतल्या एका ज्येष्ठ सभासदांचा पाय औराद तालुक्यातल्या एका बारवेच्या पायऱ्यांवर मुरगळला, घोटा बघता बघता सुजला, आणि जवळचं ठिकाण म्हणजे समुदाय आरोग्य केंद्र. दारातल्या शिपायानं पहिला प्रश्न विचारला, "शरीक करायचं का नुसतं दाखवायचं?"

पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला हा प्रश्न कळणार नाही. शरीक करणं म्हणजे दवाखान्यात दाखल करणं, भरती करणं. लातूर, उदगीर, नांदेडकडं आजही "बापाला दवाखान्यात शरीक केलंय" असंच म्हणतात. शब्द मूळचा अरबी, अर्थ सहभागी किंवा भागीदार. हैदराबादच्या दखनीत दवाखान्यात भरती होण्याला 'शरीक होना' म्हणतात, तिथून तो आपल्या मराठीत आला. निजामाचं राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण माणूस आजारी पडला की त्याच राज्याचा शब्द अजून तोंडात येतो.

दवाखान्याची पाटी कानडीत होती, खाली इंग्रजी. कानडीत रुग्णालयाला 'आस्पत्रे' म्हणतात, जसं आपल्याकडं 'इस्पितळ'. आपलं इस्पितळ पोर्तुगीजांकडून आलं. 'दवाखाना' मात्र फारसीतला, आणि गंमत अशी की उत्तर कर्नाटकातला कानडी शेतकरीसुद्धा बोलताना 'दवाखानी'च म्हणतो. पाटीवर जे लिहिलंय ते रांगेतलं कोणी बोलत नव्हतं. रांगेत मराठी होती, दखनी होती, कानडी होती, आणि एकच माणूस तिन्ही भाषा एका वाक्यात वापरत होता.

घोट्याचं काम होईपर्यंत तासभर बाकावर बसलो. शेजारच्या आजी आत गेल्या. परिचारिका दक्षिण कर्नाटकातून बदलून आलेली, तरुण, मन लावून ऐकणारी. आजी म्हणाल्या, "पायाला मुंग्या येतात." परिचारिकेनं आधी फरशीकडं पाहिलं. मग झाडू घेऊन उभी असलेली आया म्हणाली, "जोमु, जोमु." बधिरपणाला, पाय झोपण्याला कानडीत जोमु म्हणतात. परिचारिका हसली, आजीही हसल्या आणि पुढं साखर तपासायला सांगितली गेली. मला मात्र हसू आलं नाही. मधुमेहाची पहिली खूण मुंग्यांमध्येच असू शकते, आणि ती कळणं न कळणं त्या दिवशी आयेच्या हजेरीवर अवलंबून होतं. मराठीत दुखण्याला कळ, ठणका, चमक, मुरडा, आग असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचा रोग वेगळा असू शकतो. केसपेपरवर सगळ्यांचं मिळून एकच 'पेन' होतं. आयेचं हे काम कुठल्याही पदाच्या यादीत नाही.

आता मागं जाऊ. बीदरला ही अडचण नवी नाही आणि तिच्यावरचा एक उपायही इथलाच आहे. गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला आणणाऱ्या अहमदशाह वलीचा मुलगा दुसरा अलाउद्दीन अहमदशाह. त्यानं १४३६ ते १४५८ राज्य केलं. फरिश्ता लिहितो की या सुलतानानं बीदरला दार-उल-शिफा, म्हणजे रुग्णालय, बांधलं, त्याच्या खर्चासाठी गावं लावून दिली, त्या गावांच्या उत्पन्नातून रोग्यांना औषध आणि खाणंपिणं मिळायचं, आणि तिथं मुसलमान हकीम व हिंदू वैद्य असे दोन्ही नेमले होते. फरिश्ता विजापूरच्या दरबारात बसून हे साधारण दीडशे वर्षांनी लिहितोय, ते लक्षात ठेवून वाचावं. हैदराबादचा दारुलशिफा, ज्याच्या नावानं आज मोहल्ला आहे, तो १५९५ चा. बीदरचा त्याच्या कितीतरी आधीचा.

मी मूळचा बांधकामातला माणूस. पंचवीस वर्षं अंदाजपत्रकं केली, त्यामुळं मला या नोंदीत इमारतीपेक्षा ती गावंच जास्त भावतात. इमारतीला पैसा नेहमी मिळतो. तिच्यावर कोनशिला बसते, उद्घाटन होतं. चालवायला पैसा लागतो त्याच्यावर कोनशिला बसत नाही. पंधराव्या शतकात कोणीतरी बसून हिशेब केला होता की रोग्याला औषधाबरोबर जेवणही लागतं, आणि ते दरवर्षी लागतं. वैद्य आणि हकीम दोन्ही ठेवण्यातही हिशेब असावा. रोगी ज्याच्या भाषेत दुखणं सांगेल तो समोर असला पाहिजे. हा माझा तर्क, फरिश्ताचा नव्हे. खुद्द हा सुलतान पायाच्या दुखण्यानं गेला. अष्टूरला त्याच्या थडग्यावरच्या निळ्या फरशा बघताना आपण हे विसरतो.

आजच्या दवाखान्याची वंशावळ मात्र वेगळी. १९४६ चा भोर समितीचा अहवाल, मग २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झालेला समुदाय विकास कार्यक्रम आणि त्याच्या गटांना जोडलेली प्राथमिक आरोग्य केंद्रं. कागदावरचं प्रमाण असं : सपाट भागात ५,००० लोकांमागं उपकेंद्र, ३०,००० मागं प्राथमिक केंद्र, १,२०,००० मागं समुदाय केंद्र, त्यात ३० खाटा आणि शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ. महाराष्ट्रात साधारण याच आकाराच्या दवाखान्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात. तज्ज्ञांच्या जागांचं काय, तर केंद्राच्या २०२१-२२ च्या आकडेवारीत देशभरातल्या समुदाय केंद्रांत त्यांची कमतरता सुमारे ८० टक्के होती. म्हणजे खाटा आहेत, तज्ज्ञ नाहीत. रोगी पुढं पाठवायचा. पण कुठं?

इथं १ नोव्हेंबर १९५६ आडवा येतो. तोवर उदगीर, अहमदपूर, निलंगा हे बीदर जिल्ह्यातलेच तालुके. त्या दिवशी ते उस्मानाबाद जिल्ह्यात गेले. भालकी, औराद बीदरबरोबर म्हैसूर राज्यात राहिले. उदगीरच्या माणसाचं जिल्ह्याचं ठिकाण एका रात्रीत लांब गेलं. लातूर जिल्हा व्हायला १९८२ उजाडलं. रेल्वे मात्र कोणी हलवली नाही. बीदर, भालकी, कमलनगर, उदगीर, लातूर रोड ही स्टेशनं अजून एका ओळीत आहेत आणि रोगीही त्याच ओळीनं जातात. लातूरला १९६६ साली काही तरुण डॉक्टरांनी विवेकानंद रुग्णालय काढलं, तेव्हापासून तर तिकडची वाट पक्की झाली. बाकावरचा एक तरुण मला म्हणाला, "बीदर जिल्ह्याचं, उदगीर सोयऱ्याचं. बाप आजारी पडला की सोयऱ्याकडंच जातो आपण."

सोयऱ्याकडं गेल्यावर कार्डाचा प्रश्न येतो. त्याच्याकडं कर्नाटकचं कार्ड, दवाखाना महाराष्ट्रातला. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं, त्यावर कर्नाटक सरकारनं हरकत घेतली. दोन्ही बाजूंचं राजकारण आपण वर्तमानपत्रात वाचतोच. बाकावर त्याची चर्चा नव्हती. तिथं चर्चा होती उद्याच्या गाडीची, आणि सोबत कोण येणार याची.

तुमच्यापैकी कोणाला असा दवाखाना बघायचा असेल तर बाह्यरुग्ण विभागाची वेळ संपल्यावर जा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी विचारा, आणि रोग्यांचे फोटो काढू नका. कोनशिला वाचा : साल, भाषा, मंत्र्याचं नाव. भिंतीच्या चुन्याचे पोपडे निघाले असतील तर खालचं जुनं नाव दिसतंय का बघा. शिपाई, आया, रुग्णवाहिकेचा चालक यांना शब्द विचारा. तापाला काय म्हणता, बाळंतिणीला काय म्हणता, कावीळ झाली तर आधी कोणाकडं जाता. वहीत कुठल्या गावचा माणूस कुठला शब्द बोलला तेही लिहा. आपल्या मंडळाच्या शब्दसंग्रहात बीदरकडच्या नोंदी फार थोड्या आहेत.

घोट्याचं हाड शाबूत निघालं. पट्टी बांधून गोळ्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. केसपेपरवर आमच्या सभासदांचं आडनाव कानडी लिपीत लिहिलं होतं, ते आयेनंच मोठ्यानं वाचून दाखवलं. बरोबर होतं.