पाहुण्याची भाषा आणि यजमानाचे पाणी : जैसलमेरच्या निमित्ताने

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• ‘पर्यटक’ आणि ‘पाहुणा’ या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल;
• दूरच्या वाळवंटी गावाविषयीचा आदर प्रवाशाच्या वर्तनात कसा उतरतो, हे जैसलमेरच्या उदाहरणाने सांगता येईल;
• प्रवासवर्णन लिहिताना स्वतःच्या शब्दयोजनेची चिकित्सा करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णनाचा अभ्यास करताना आपण लेखकाची शैली, निसर्गचित्रण, व्यक्तिचित्रे यांची चर्चा करतो. परंतु ज्या गावाचे वर्णन चालले आहे, त्या गावाचे लेखकाच्या येण्याने काय झाले, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. प्रस्तुत पाठात तोच प्रश्न मध्यभागी ठेवला आहे.

आरंभ शब्दांपासून करू. ‘पर्यटन’ म्हणजे परि + अटन, सभोवार हिंडणे. या शब्दात हिंडणारा तेवढा दिसतो. ज्याच्या दारावरून तो हिंडतो, तो दिसत नाही. ‘पाहुणा’ हा शब्द निराळा आहे. संस्कृत ‘प्राघुण’, प्राकृत ‘पाहुण’ आणि त्यावरून मराठी ‘पाहुणा’ असा त्याचा प्रवास सांगितला जातो. यजमानावाचून पाहुणा संभवत नाही. म्हणजे हा शब्द एका नात्याचे नाव आहे. आपल्या ग्रामीण बोलींत त्याचे ‘पावणा’ असे रूप आढळते. राजस्थानीतही पाहुण्याला ‘पावणा’च म्हणतात. महाराष्ट्रातून मरुभूमीत जाणाऱ्याला हा एक शब्द घरूनच मिळालेला असतो. त्याचा अर्थ मात्र तेथे पोहोचल्यावर निभवावा लागतो.

२. गावाची ओळख

जैसलमेर हे थरच्या वाळवंटातील गाव जोधपूरच्या पश्चिमेस सुमारे २८० किलोमीटरांवर आहे. भाटी राजपूत घराण्यातील रावळ जैसल याने ११५६ साली त्रिकूट नावाच्या टेकडीवर ते वसवले, अशी परंपरा आहे. पिवळ्या वालुकाश्माच्या ९९ बुरुजांचा हा किल्ला उन्हात सोनेरी दिसतो. सिंधकडे व त्याही पलीकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांच्या व्यापाराने हे गाव संपन्न झाले. पटव्यांच्या आणि नथमलच्या हवेल्या त्या संपन्नतेची साक्ष देतात. पुढे व्यापार मुंबईसारख्या बंदरांकडे वळला आणि १९४७ मध्ये सीमा आखली गेल्यावर जुने मार्गच बंद झाले. पर्यटन हा येथील उपजीविकेचा मोठा आधार होण्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

या किल्ल्याचे एक वैशिष्ट्य आपण विशेष ध्यानात घ्यावे. आपल्याकडील बहुतेक किल्ले आज निर्मनुष्य आहेत. आपण चढतो, पाहतो, उतरतो. जैसलमेरच्या किल्ल्यात मात्र आजही माणसे नांदतात. तेथील बोळांत मुले शाळेला निघतात, ओट्यांवर धान्य निवडले जाते, मंदिरांत पूजा होते. आपण ज्याला ‘स्थळ’ म्हणतो, ते कोणाचे तरी घर असते. म्हणून उघड्या दारातून आत डोकावणे, घुंगटातील स्त्रीचे न विचारता छायाचित्र घेणे, जैन मंदिरात चामड्याचा पट्टा तसाच बांधून शिरणे, या गोष्टी नियमभंगाच्या आधी नात्याचा भंग ठरतात.

३. यजमानाचे पाणी

जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. कोकणात एखाद्या जोरदार दिवसात तेवढा पाऊस होऊन जातो. तरीही हे गाव साडेआठशेहून अधिक वर्षे टिकले, कारण त्याने पाण्याचा हिशेब ठेवला. चौदाव्या शतकात रावळ गडसी याच्या नावाने ओळखला जाणारा गडीसर तलाव तयार झाला, आणि नळ येईपर्यंत गावाची मुख्य भिस्त त्या तलावावर राहिली. डोक्यावर घागर घेऊन टेकडी चढायची असेल, तर पाणी आपोआपच मोजून वापरले जाते. किल्ल्यातील घरे, मोऱ्या आणि गटारे या मोजक्या वापराला धरूनच बांधलेली होती.

विसाव्या शतकात किल्ल्यात नळ आले, आणि पर्यटक वाढल्यावर घरांची अतिथिगृहे झाली. पाणी वर नेण्याची सोय झाली. ते खाली वाहून नेण्याची सोय तितकीच वाढली नाही. मुरलेले पाणी टेकडीतील मऊ मातकट थरांत उतरले, पाया खचू लागला, आणि १९९० च्या दशकात तटबंदीचे व इमारतींचे काही भाग कोसळले. धोक्यातील वारसास्थळांच्या एका जागतिक यादीत १९९६ साली या किल्ल्याचे नाव आले. २०१३ मध्ये राजस्थानातील सहा गिरिदुर्गांपैकी एक म्हणून त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. शत्रूच्या वेढ्यांना तोंड दिलेला हा किल्ला पाहुण्याच्या स्नानाने पोखरला जावा, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

हे मला पुस्तकातून उमगले नाही. पहिल्या भेटीत मी किल्ल्यातील एका घरी उतरले होते. उन्हाने जीव शिणला होता. दिवसातून दोनदा स्नान केले, कपडे धुतले, धुताना नळ वाहता ठेवला. दुसऱ्या सकाळी घरच्या वृद्ध बाई मला खालच्या खोलीत घेऊन गेल्या. न्हाणीघराखालची भिंत ओली होती आणि दगडाचा पापुद्रा बोट लावताच सुटत होता. त्या एवढेच म्हणाल्या, “बाईसा, आपका पानी यहाँ आता है.” स्वरात राग नव्हता. ‘बाईसा’ हे संबोधनही आदराचेच होते. मी खोलीचे भाडे पूर्ण दिले होते आणि त्या घराविषयी माझ्या मनात कौतुकही पुष्कळ होते. त्या भिंतीला दोहोंचाही उपयोग नव्हता.

मग तेथे जाऊच नये काय? हा निष्कर्ष घाईचा ठरेल. त्या बाईंचे घर आमच्यासारख्यांच्या येण्यावरच चालत होते. किल्ला वाचावा म्हणून लोकांनी आपली घरे सोडावीत, असे बाहेरच्याने म्हणणेही सोपे असते. पाहुण्याच्या हातात आहे ते एवढेच : मुक्काम शक्यतो टेकडीखालच्या गावात करावा, बादलीभर पाण्यात स्नान आटोपावे, रोज चादर-टॉवेल बदलून मागू नये, कपडे घरी परतून धुवावेत. कोणाच्या घरी पाण्याचा पेला पुढे आला, तर तो पूर्ण प्यावा. उष्टे पाणी फेकणे तेथे साधी गोष्ट नाही.

४. यजमानाचे शब्द

वाळवंटाचे वर्णन करताना आपल्या लेखणीतून कोणते शब्द येतात, ते पाहा : ओसाड, उजाड, वैराण, रखरखीत. हे सारे शब्द तेथे काय नाही ते सांगतात. जणू पाऊस, झाडी आणि काळी माती हे प्रमाण, आणि वाळवंट म्हणजे त्यातील वजाबाकी. तेथे राहणाऱ्यांची भाषा अशी वजाबाकी करीत नाही. मरुभूमीत पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे थेट मिळणारे ते ‘पालर पाणी’. खोल विहिरीतून येणारे ते ‘पाताळ पाणी’. आणि वाळूत मुरलेले, परंतु खालच्या खडियाच्या थरामुळे खोलवर न जाता ओलाव्याच्या रूपाने थांबलेले ते ‘रेजाणी पाणी’. हा ओलावा थेंबाथेंबाने गोळा करण्यासाठी अरुंद ‘कुंई’ खणतात. पावसाचे पाणी साठवण्याच्या झाकलेल्या हौदाला ‘टांका’ म्हणतात. आपल्या किल्ल्यांवरील ‘टाके’ आठवले की हा शब्द परका वाटत नाही. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या हिंदी पुस्तकात ही जलपरंपरा सविस्तर मांडली आहे.

येथे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. हिंदीत ‘पानी’ म्हणतात. राजस्थानीत मात्र मराठीप्रमाणेच ‘पाणी’. मूर्धन्य ‘ण’ आणि ‘ळ’ हे वर्ण दोन्ही भाषांनी जपले आहेत. बाजारात कान देऊन उभे राहिल्यास मराठी माणसाला ओळखीचे ध्वनी ऐकू येतात. तेव्हा तेथे गेल्यावर चार शब्द शिकावेत. भेटताना ‘राम राम सा’ म्हणावे. शेवटचा ‘सा’ हा आदरार्थी आहे. ‘खम्मा घणी’ हे अभिवादन पर्यटकांत अधिक प्रसिद्ध आहे, पण त्याला दरबारी परंपरेची छाया आहे. कोण कोणाला काय म्हणतो, हे आधी ऐकावे आणि मग बोलावे. तोडकेमोडके बोलल्याने कोणी हसले तरी बिघडत नाही. आपण त्यांच्या अंगणात विद्यार्थी आहोत, एवढे त्यातून कळते.

५. पाहुण्याने सांगितलेली गोष्ट

पाहुणा परततो, पण त्याने सांगितलेली गोष्ट मागे काम करीत राहते. सत्यजित राय यांची ‘सोनार केल्ला’ ही कादंबरी १९७१ साली आली आणि तिच्यावर त्यांनीच केलेला चित्रपट १९७४ साली. त्यानंतर बंगालमधून जैसलमेरला येणाऱ्यांचा ओघ सुरू झाला आणि किल्ल्याला ‘सोनार किल्ला’ हे नाव चिकटले. एका कथेने गावाचे नाव आणि अर्थकारण दोन्ही बदलले.

दुसरे उदाहरण कुलधऱ्याचे. जैसलमेरपासून सुमारे १८ किलोमीटरांवर पालीवाल ब्राह्मणांचे हे सोडून दिलेले गाव आहे. दिवाण सालिमसिंह याच्या जुलमाला कंटाळून लोक एका रात्रीत निघून गेले आणि जाताना शाप देऊन गेले, अशी आख्यायिका आहे. गाव ओस पडण्यामागे पाणी आटणे आणि करांचा बोजा ही कारणेही अभ्यासकांनी मांडली आहेत. आज मात्र ते ‘भुताचे गाव’ म्हणून विकले जाते. वास्तविक याच लोकांनी उतारावरून वाहणारे पाणी बांध घालून अडवण्याची, ते ओसरल्यावर त्या ओलीवर हिवाळी पीक घेण्याची ‘खडीन’ ही पद्धत जोपासली आणि वाळवंटात गहू पिकवला. भुताची गोष्ट सांगितली की हे ज्ञान झाकले जाते. प्रवासवर्णनकाराने आख्यायिका अवश्य नोंदवावी. पण तिला आख्यायिका म्हणावे, आणि माणसांनी जे केले ते आधी सांगावे.

६. आपले देणे

जैसलमेरशी मराठीचे एक जुने देणेघेणे आहे. उद्योतनसूरींनी जालोर येथे इ. स. ७७९ मध्ये ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यातील एका बाजाराच्या प्रसंगात निरनिराळ्या प्रदेशांतील व्यापाऱ्यांच्या बोलण्याचे नमुने दिले आहेत आणि त्यांत मरहट्टांचाही नमुना आहे. मराठीच्या इतिहासात तुम्ही हा उल्लेख अभ्यासला असेल. या ग्रंथाचे एक ताडपत्री हस्तलिखित जैसलमेरच्या भांडारात, तर दुसरे कागदी हस्तलिखित पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जपले गेले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या दोन हस्तलिखितांच्या आधारे संहिता संपादित केली; ती १९५९ साली प्रसिद्ध झाली.

जैसलमेरचे जिनभद्रसूरी ज्ञानभांडार याच किल्ल्यात, संभवनाथ मंदिराच्या तळघरात सांभाळले गेले. म्हणजे ज्या टेकडीत आपल्या स्नानाचे पाणी मुरते, त्याच टेकडीने आपल्या भाषेचा एक आद्य पुरावा शतकानुशतके कोरडा ठेवला. मराठीच्या विद्यार्थ्याला तेथे सावधपणे वागण्यास आणखी कारण शोधावे लागू नये. आणि त्या प्रसंगाचे मोल तरी कशात आहे? परक्या माणसांची बोली तेथे कोणीतरी लक्ष देऊन ऐकली आणि लिहून ठेवली.

७. समारोप

आदर ही मनातील भावना आहे असे आपण मानतो. यजमानाला मात्र ती दिसते ती वापरलेल्या पाण्यात, उच्चारलेल्या शब्दांत आणि परतल्यावर सांगितलेल्या गोष्टीत. पुढल्या भेटीत मी टेकडीखाली उतरले आणि वर त्या बाईंना भेटायला गेले. त्यांनी पेलाभर पाणी पुढे केले. मी ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘पर्यटक’ व ‘पाहुणा’ या शब्दांतील अर्थभेद उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. जैसलमेरच्या किल्ल्याला पाण्यापासून धोका का निर्माण झाला, ते थोडक्यात सांगा.
३. वाळवंटाचे वर्णन करणाऱ्या मराठी विशेषणांची यादी करा. त्यांपैकी अभाव दर्शविणारी कोणती, ते ठरवा.

उपक्रम : तुमच्या गावी येणारे पाहुणे वा पर्यटक गावाविषयी काय सांगतात आणि त्यांच्या सांगण्यातून काय सुटते, याविषयी गावातील दोन वडीलधाऱ्या व्यक्तींशी बोला. त्यांचे शब्द शक्यतो त्यांच्याच बोलीत टिपून २५० शब्दांचा मजकूर लिहा.