भांडणांनी राखलेलं दफ्तर

अमेरिकेतली दर दहा वर्षांची जनगणना माणसाला धर्म विचारत नाही. पूर्वीही कधी विचारला नाही. आपल्याकडे १८७२ पासून तो रकाना आहे, म्हणून जुन्या शहरातल्या एखाद्या समाजाची संख्या हवी असली की आपण आधी ते तक्ते उघडतो. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन बंदरात १८०० च्या सुमारास ज्यू किती होते, हे शोधणाऱ्याला ती सोय नाही. तरीही त्या काळात अमेरिकेतली सर्वांत मोठी ज्यू वस्ती न्यूयॉर्कमध्ये नव्हे, चार्ल्स्टनमध्ये होती, असं इतिहासकार ठामपणे सांगतात. हा ठामपणा कुठल्या कागदांवर उभा आहे, ते पाहण्यासारखं आहे.

जनगणनेत त्या वेळी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. ते नाव आधी सिनेगॉगच्या सभासदयादीशी ताडायचं, मग शहराच्या व्यापारी डिरेक्टरीशी, मग मृत्युपत्रांशी, शेवटी थडग्यांशी. नुसत्या आडनावावर विसंबून चालत नाही. मोझेस आणि सॉलोमन ही नावं ख्रिस्ती घरांतही सापडतात. जेम्स हॅगी यांचं १९९३ चं ‘धिस हॅपी लँड’ हे पुस्तक अशा ताडून पाहण्यातूनच उभं राहिलं.

या शोधाचं आजचं मुख्य ठाणं म्हणजे कॉलेज ऑफ चार्ल्स्टनच्या अ‍ॅडलस्टोन ग्रंथालयातला ज्यूइश हेरिटेज कलेक्शन हा संग्रह. १९९५ मध्ये डेल रोझेनगार्टन यांनी तो सुरू केला. घराघरांतली पत्रं, फोटो, दुकानांच्या वह्या, संस्थांची कागदपत्रं तिथे जमा होत गेली. पण एकाच इमारतीत सगळं मिळेल या आशेने कुणी जाऊ नये. मृत्युपत्रं, गुलामांची विक्रीखतं आणि विधिमंडळाकडे केलेले अर्ज राज्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे राजधानी कोलंबियात आहेत. जमिनीची खतं काउंटीच्या नोंदणी कार्यालयात. सिनसिनाटीला जेकब रेडर मार्कस यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या अमेरिकन ज्यूइश अर्काइव्ह्जमध्येही चार्ल्स्टनचे कागद आहेत.

हे विखुरलेपण अभ्यासकाला दमवतं, पण त्यानेच पुष्कळ काही वाचवलं. कहाल कदोश बेथ एलोहीम ही इथली मूळ सभा १७४९ ची. १७९४ मध्ये पुरं झालेलं तिचं देखणं सिनेगॉग २७ एप्रिल १८३८ च्या शहरव्यापी आगीत भस्मसात झालं. पुढे यादवी युद्धात सुरक्षित राहावं म्हणून धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या आणि ऑर्गन कोलंबियाला हलवले, आणि १८६५ मध्ये कोलंबियाच जळालं. जळालेल्या सिनेगॉगचं अंतरंग आज आपल्याला दिसतं ते चार्ल्स्टनमध्येच जन्मलेल्या सॉलोमन नुनेस कार्व्हाल्यो या चित्रकारामुळे. आगीनंतर त्याने ते आठवणीतून रंगवलं. मी या चित्राला दस्तऐवजाचा मान देतो, पण आठवणीतून काढलेला दस्तऐवज म्हणूनच.

आता या दफ्तराच्या सर्वांत श्रीमंत भागाकडे. शांततेत चाललेली सभा फारसं लिहून ठेवत नाही. वर्गणी आली, दिव्याच्या तेलाचा खर्च झाला, एवढंच. भांडण झालं की मात्र प्रत्येक पक्ष लिहू लागतो. डिसेंबर १८२४ मध्ये बेथ एलोहीमशी संबंधित ४७ जणांनी विश्वस्तांना अर्ज दिला: उपासना आटोपशीर करा, काही प्रार्थना इंग्रजीत म्हणा, लोकांना समजेल असं प्रवचन द्या. अर्ज फेटाळला गेला. जानेवारी १८२५ मध्ये सुधारकांनी वेगळी संस्था काढली. आयझॅक हार्बी हा पत्रकार-नाटककार तिच्या अग्रभागी होता. त्यांनी हाताने लिहिलेली प्रार्थनापुस्तकं आणि १८३० ची छापील आवृत्ती हे अमेरिकेतल्या ज्यू धर्मसुधारणेचे पहिले कागद. आठेक वर्षांत ती संस्था विरली, पण प्रश्न विरला नाही.

१८४० मध्ये नवी इमारत उभी राहत असताना तिच्यात ऑर्गन बसवावा का, यावर मतदान झालं आणि ४६ विरुद्ध ४० मतांनी ऑर्गनवाले जिंकले. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, वाद्य वाजणं परंपरावाद्यांना सहन होणारं नव्हतं. ते बाहेर पडले, त्यांनी शिअरिथ इस्राएल ही सभा काढली. कमिंग स्ट्रीटवरच्या दफनभूमीत मधोमध भिंतही उभी राहिली, मेलेल्यांचीही वाटणी झाली. वाद कोर्टात गेला आणि १८४६ मध्ये निकाल सुधारकांच्या बाजूने लागला. सभासद कोण, मताचा हक्क कुणाला, सभेची घटना काय म्हणते, हे सगळं त्या खटल्यामुळे सरकारी दफ्तरात गेलं. सिनेगॉगची १८३८ ते १८५० ची इतिवृत्तवही, हा निकाल आणि फिलाडेल्फियाहून निघणाऱ्या आयझॅक लीसरच्या ‘द ऑक्सिडेंट’ मासिकातला वाद ही तिन्ही शेजारी ठेवून वाचावीत. इतिवृत्त विजेत्यांचं आहे, तर लीसर उघडपणे परंपरावाद्यांचा. एकावर विसंबणारा फसतो.

दफनभूमीतल्या दगडांवरचे लेख उष्ण, दमट हवेत झिजत चाललेत. बेथ एलोहीमचे रब्बी बार्नेट एल्झस यांनी ते उतरवून १९०३ मध्ये छापले, हे त्यांचं मोठं ऋण आहे. १९०५ च्या त्यांच्या ‘द ज्यूज ऑफ साउथ कॅरोलिना’चा सूर अभिमानाचा आहे. क्रांतियुद्धात १७७६ मध्ये मारला गेलेला फ्रान्सिस साल्व्हादोर, नीळ तपासणारा मोझेस लिंडो अशी माणसं त्यात भेटतात आणि भेटायलाच हवीत. पण या शहराचं दफ्तर नुसत्या अभिमानाने उघडता येत नाही.

१८४१ चं सिनेगॉग डेव्हिड लोपेझ या ज्यू कंत्राटदाराने बांधलं आणि बांधणाऱ्या हातांत गुलाम कारागिरांचे हात होते. सभेच्या १८२० च्या घटनेत ज्यू धर्मात येऊ पाहणाऱ्यांबद्दल कलम आहे आणि त्यातून कृष्णवर्णीयांना स्पष्ट वगळलं आहे. तरी वर्तमानपत्रं वाटणारा बिली सिमन्स हा कृष्णवर्णीय माणूस त्याच सिनेगॉगमध्ये नेमाने येऊन बसत असे, असं समकालीनांनी लिहून ठेवलंय. कलम वाचून तो कधी सापडला नसता. १८५० आणि १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या वेगळ्या तक्त्यांत मालकाचं नाव असतं. गुलामाचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्या माणसांची नावं हवी असतील तर विक्रीखतं आणि मृत्युपत्रं पानपान चाळावी लागतात. चार्ल्स्टनच्या ज्यूंचा इतिहास लिहायला बसलेल्याने हे काम परिशिष्टात ढकलू नये, असं मला कळकळीने वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून आलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांतले पुष्कळजण वॉर्साजवळच्या कालुशीन या एकाच गावचे. इथे त्यांनी कालुशिनर सोसायटी काढली, वरच्या किंग स्ट्रीटवर कापडाची, फर्निचरची, जुन्या सामानाची दुकानं थाटली. कोर्टात न गेलेल्या या जगण्याचे कागद थोडेच, म्हणून रोझेनगार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेपरेकॉर्डर घेऊन माणसं गाठली. शेकडो मुलाखती जमल्या. शनिवारी दुकान उघडायचं की नाही, उधारी कुणाला द्यायची, काळ्या गिऱ्हाइकाशी वागणं कसं होतं, ही माहिती अशा बोलण्यातच मिळते. स्मरणशक्ती स्वतःला सांभाळून घेते, म्हणून दुकानाची तारीख डिरेक्टरीत आणि मालकी खतात तपासावी. यातल्या पुष्कळ मुलाखती लोकंट्री डिजिटल लायब्ररीत सर्वांसाठी खुल्या आहेत. मुंबई-पुण्यात घरी बसून वाचता येतील. सुरुवात किंग स्ट्रीटच्या दुकानदारांपासून करावी, आणि शेजारी त्या रस्त्याचा नकाशा उघडा ठेवावा.