जिवाणू, विज्ञान आणि विवेक

जिवाणूंना केळ्याचा वास यावा, ही कल्पना प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. परंतु अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २००६ साली यीस्टमधील जनुकांच्या साह्याने ई. कोलाय जिवाणूत ती प्रत्यक्षात आणली. जीवांची अशी हेतुपूर्वक घडण करणारे शास्त्र म्हणजे संश्लेषित जीवशास्त्र. नताली कल्डेल यांच्या ‘बायोबिल्डर’ उपक्रमाने हा प्रयोग पुढे माध्यमिक शाळांत नेला. तेथे मुले निरनिराळ्या जनुकीय रचनांचे निरुपद्रवी जिवाणू वाढवितात, त्यांचा वास ठरावीक नमुन्यांशी ताडून पाहतात आणि कोणती रचना सरस, याचा निर्णय निरीक्षणावरून करतात.

मात्र या शिक्षणाचे खरे मोल प्रयोगापलीकडे आहे. जीवांची घडण माणसाच्या हाती आली, की ‘हे करता येईल काय?’ या प्रश्नामागोमाग ‘हे करावे काय?’ हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर केवळ तज्ज्ञांवर सोपविणे लोकशाहीला परवडणारे नाही. उद्याच्या नागरिकाने या सामर्थ्याकडे ऐकीव भीतीने वा आंधळ्या कौतुकाने पाहू नये असे वाटत असेल, तर त्याची ओळख शाळेतच व्हावयास हवी.