‘भरड’ म्हणजे किती भरड? पेशीकेंद्रकाचा पोत आणि त्याचं मोजमाप

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं या विषयात काय काम, असं काहींना वाटलं असेल. ते पुढे कळेल. आधी साधी गोष्ट बघू.

गाठीतून सुईने काढलेल्या पेशी, किंवा बायोप्सीचा तुकडा, पॅथॉलॉजिस्टकडे जातो. काचपट्टीवर घेऊन तो रंगवतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं, इओसिनने भोवतालचा भाग गुलाबी. मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि म्हणतात, ‘क्रोमॅटिन भरड आहे’. क्रोमॅटिन म्हणजे डीएनए आणि तो ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं. ते जिथे घट्ट असतं तिथे गडद दिसतं, सैल असतं तिथे फिकं. या गडद-फिक्याच्या विणीला पोत म्हणायचं. जाड रवा आणि बारीक रवा आपण बोटांनी ओळखतो ना, तसंच हे डोळ्यांनी.

आता ‘भरड’ म्हणजे किती भरड? प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. स्तनाच्या कर्करोगाची श्रेणी ठरवताना तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. त्यातली एक म्हणजे केंद्रकाचं बिघडलेलं रूप. बेरीज ७ आली तर दुसरी श्रेणी, ८ आली तर तिसरी. म्हणजे केंद्रकाला एका डॉक्टरांनी २ दिले आणि दुसऱ्यांनी ३, तर त्याच बाईची श्रेणी बदलू शकते, आणि श्रेणी बघून पुढच्या उपचारांचा विचार होतो. दोघंही अनुभवी, दोघंही प्रामाणिक. म्हणून मोजायचं.

यंत्राला केंद्रक दिसत नाही, आकडे दिसतात. स्कॅनरचा एक पिक्सेल पाव मायक्रॉनचा धरला, तर आठ मायक्रॉनच्या केंद्रकात सुमारे ८०० पिक्सेल बसतात. प्रत्येकाला गडदपणाचा एक आकडा. पण या आकड्यांची सरासरी काढून पोत कळत नाही. का, ते बघा. सोळा घरांचा चौरस घ्या, चार बाय चार, आठ घरं काळी, आठ पांढरी. एकदा ती बुद्धिबळाच्या पटासारखी मांडा. दुसऱ्यांदा डावीकडचा अर्धा भाग काळा, उजवीकडचा पांढरा. सरासरी तीच, चढउतार तेवढाच. आता आडव्या शेजारच्या जोड्या मोजा. एका ओळीत तीन, चार ओळींत बारा. पटावर बाराच्या बारा जोड्या काळा-पांढरा अशा विजोड. दुसऱ्या चौरसात विजोड फक्त चार. फरक सापडला तो शेजाऱ्यांकडे बघितल्यावर.

रॉबर्ट हॅरॅलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये हीच कल्पना मांडली. शेजारच्या जोड्यांचा तक्ता करायचा आणि त्यातून चौदा मापं काढायची. गंमत म्हणजे त्यांच्यासमोर पेशी नव्हत्याच. वालुकाश्माची सूक्ष्मचित्रं होती, विमानातून आणि उपग्रहातून घेतलेली जमिनीची चित्रं होती. शेताचा पोत वाचायची युक्ती पुढे केंद्रकावर आली.

आपल्याकडचे संगणकाचे विद्यार्थी सरावाला घेतात तो विस्कॉन्सिनचा स्तनगाठींचा विदासंच अनेकांना माहीत असेल. ५६९ नमुने, त्यातले २१२ कर्करोगाचे. त्यात ‘पोत’ नावाचा एक रकाना आहे, पण तो म्हणजे केवळ गडदपणाच्या आकड्यांचं प्रमाण विचलन. आपले दोन्ही चौरस त्या रकान्यात सारखेच ठरतील! रकान्यावरचं नाव आणि आतलं माप यांची गाठ घालून बघावी लागते ती अशी.

दुसरी अडचण अशी, की ‘जितकं भरड तितका कर्करोग’ हा नियम मुळात खरा नाही. आपल्या रक्तातल्या निरोगी लिम्फोसाइटचं क्रोमॅटिन चांगलं गुठळ्यागुठळ्यांचं असतं. उलट थायरॉइडच्या पॅपिलरी कर्करोगात केंद्रकं फिकी, दुधी काचेसारखी, आतून रिकामी वाटावी अशी दिसतात. कोणत्या ऊतकातली पेशी, हे माहीत नसेल तर पोताचा आकडा मुका आहे.

आणि आता माझं काम येतं. आपले नैयायिक सांगतात, धूर दिसला तर अग्नीचं अनुमान करा, पण अग्नी दिसला म्हणून धुराचं करू नका. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? धूर होतो तो सरपण ओलं असेल तर. ही जी लपलेली अट, तिला ते ‘उपाधी’ म्हणतात. (पदवी किंवा कटकट, या अर्थाची उपाधी वेगळी.)

समजा, कर्करोगाच्या सगळ्या काचपट्ट्या एका मोठ्या रुग्णालयातून आल्या आणि साध्या गाठींच्या दुसऱ्या लहान प्रयोगशाळेतून. एकीकडे रंग दाट चढतो, दुसरीकडे फिका. काप कुठे तीन मायक्रॉनचा, कुठे पाच. स्कॅनर वेगळे. यंत्र शंभरातल्या पंचाण्णव वेळा बरोबर उत्तर देईल आणि आपण टाळ्या वाजवू. त्याने ओळखलं असेल ते रंगवणाऱ्याचा हात. इथे ओलं सरपण म्हणजे रंगाची बाटली.

उपाधी हुडकायची कशी? एकाच ठोकळ्याचे लगतचे काप दोन प्रयोगशाळांत रंगवून घ्या आणि आकडे जुळतात का बघा. एका गावच्या पट्ट्यांवर शिकलेलं यंत्र दुसऱ्या गावच्या पट्ट्यांवर चालवा. किंवा रंगच असा घ्या की तो डीएनएच्या प्रमाणातच चढेल. १९२४ पासून माहीत असलेली फॉयल्गेनची रीत तशी आहे. ऑस्लोच्या संशोधकांनी क्रोमॅटिनच्या पोतावर काम करताना तीच वापरली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा प्रश्नही वेगळा होता. कर्करोग आहे की नाही, हे तिथे विचारलेलं नव्हतं. आहे तो पुढे कसा वागेल, हे विचारलं होतं. बातमी वाचताना या दोन प्रश्नांची आपण फार लवकर सरमिसळ करतो.

शेवटी मागून एक प्रश्न आलाय : मग डोळ्याची गरज संपली का? विस्कॉन्सिनच्या त्याच कामात केंद्रकाची कच्ची हद्द माणूस माउसने आखत असे, आणि मग संगणक ती आवळून काठाला नेमकी बसवत असे. आज तेही यंत्र करतं. पण यंत्राला शिकवताना ‘हे केंद्रक, आणि ती नुसती रंगाची गुठळी’ असं कुणीतरी पट्टीवर खुणा करून सांगितलेलंच असतं. त्या खुणा कुणी केल्या, दोघांनी केल्या असतील तर त्यांचं कुठे जुळलं नाही, हे लिहून ठेवलंय का, ते मी आधी विचारेन.