कच्च्या रस्त्यावर गाडी चालवायला शिका, गॅरेजचं बिल वाचवा!

व्यवसायासाठी पिकअप घेताना आपण किंमत, ॲव्हरेज, हप्ता सगळं बघतो. पण माल पोचवायचा असतो वाडी-वस्तीवर, शेताच्या बांधापर्यंत. तिथे गाडी कशी चालवायची, हे मात्र कोणी शिकत नाही. लक्षात ठेवा, गाडी चार दिवस गॅरेजला उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही आणि गिऱ्हाईकही थांबत नाही.

म्हणून या पाच सवयी लावून घ्या.

१. आधी उतरा, मग चालवा. चिखल, ओढा किंवा मोठा दगड दिसला की खाली उतरून वाट बघा. उंच दगड दोन चाकांच्या मधे घेऊ नका. ऑइलचं चेंबर किंवा मागच्या एक्सलचा गोळा त्यावर आपटतो. दगड फार मोठा नसेल तर टायर त्यावरून हळू न्या.

२. हाफ क्लच बंद. चढ सुरू व्हायच्या आधीच पहिला गिअर टाका. चढावर क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवली की क्लच प्लेट जळते. थांबायचं असेल तर हँडब्रेक लावा.

३. उताराला गिअरमध्येच राहा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. चढताना जो गिअर लागला असता, तोच उतरताना ठेवा.

४. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. साचलेलं पाणी काठीने मोजा. चाकाच्या मध्यापेक्षा वर असेल तर परत फिरा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका! इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा. साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन लागतं. तुमची पॉलिसी आजच काढून बघा.

५. चाक फिरत राहिलं की ॲक्सिलरेटर सोडा. जितकं दाबाल तितकं चाक खाली रुतेल. चाकापुढची माती उकरा, खाली गोणपाट किंवा सपाट दगड टाका, मग हळू काढा. एक फावडं आणि जाड दोर गाडीत कायम ठेवा.

आता एक गृहपाठ. क्लच प्लेट, मजुरी, बुडालेल्या फेऱ्या आणि नाराज गिऱ्हाईक, या सगळ्याचा खर्च वहीत लिहा. शेजारी सरावाच्या एका रविवारचं डिझेल लिहा. फरक स्वतःच दिसेल.

हा सराव रिकाम्या गाडीने, कोरड्या मोकळ्या रानात, अनुभवी ड्रायव्हरला शेजारी बसवून करा. गाडी ड्रायव्हर चालवत असेल तर त्यालाही हे शिकवा. गाडी तो चालवतो, पण बिल आपल्या नावावर येतं!