काळजाची धाव ओळखणारे यंत्र

निकालाच्या दिवशी छाती धडधडते, जिना धावत चढला तरी धडधडते. ती निरोगी काळजाची खूण होय. (आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांस हृदयापेक्षा ‘काळीज’च जवळचे!) परंतु हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विजेचा भलताच उगम निर्माण झाला, तर ठोके तितकेच जलद पडूनही प्राणावर बेतते.

अशाच विकाराने १९६६ साली डॉ. मिशेल मिरोव्स्की यांचे गुरुतुल्य स्नेही हॅरी हेलर निवर्तले. त्या दुःखातून मिरोव्स्कींनी देहात बसवावयाच्या झटका-यंत्राचा ध्यास घेतला. फेब्रुवारी १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते प्रथम मनुष्यदेहात बसविले गेले.

खरी अडचण पुढेच आहे. खेळाडूचे धावणे कोणते आणि मृत्यूची चाहूल कोणती, हे यंत्राने कसे ओळखावे?

ते प्रथम वेग मोजते. वेग अतिशय असेल, तर विचारास वेळ नसतो. हृदय नुसते थरथरत असते, म्हणून झटका द्यावयाचा. मधल्या वेगात मात्र चौकशी होते. धावताना ठोके हळूहळू चढतात. घातक धाव बहुधा एका उडीत सुरू होते. वरच्या कप्प्यांच्या थरथरीने खालचे ठोके वेडेवाकडे पडतात. घातक धाव बहुधा घड्याळासारखी नियमित असते. शिवाय निरोगी ठोक्याच्या विद्युत्-लहरीचा नमुना यंत्राजवळ जपलेला असतो, त्याशी नवी लहर ताडून पाहिली जाते. वरच्या कप्प्यातही तार असेल, तर सर्वांत बोलका पुरावा हाती येतो: वरच्यापेक्षा खालचे ठोके अधिक भरले, की दोष खालीच. मग यंत्र पुष्कळदा आधी काही जलद स्पंदने देऊन ती धाव मोडू पाहते. त्याने वेदना होत नाहीत.

तथापि कोणतीही कसोटी निर्दोष नाही. धावतानाच घातक धाव सुरू झाली, तर तिची उडी लपून जाते. शुद्धीवरील माणसास विनाकारण झटका बसणे म्हणजे छातीवर लाथ बसण्यासारखे. पण खरी धाव निसटली, तर माणूसच जावयाचा. म्हणून कित्येक यंत्रांत अशी सोय असते की, संशय फिटला नाही आणि वेग ठरल्या वेळेपलीकडे टिकला, तर उपचार सुरू करावा.